सिॲटलची स्टेडियम आणि करदात्यांचा पैसा

अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यातील सिॲटल शहरात व्यावसायिक खेळांची स्टेडियम कोणाच्या पैशाने बांधायची, हा वाद १९६० पासून जवळजवळ साठ वर्षे चालला. या काळात तेथील नागरिकांनी या प्रश्नावर वारंवार मतदान केले. कधी होकार दिला, कधी नकार. एकदा मतदारांनी नाकारलेले स्टेडियम पुढे महिनाभरातच मंजूर झाले. दुसरे एक स्टेडियम जमीनदोस्त झाले, तरी त्याचे कर्ज आणखी पंधरा वर्षे फिटत राहिले. आणि एकदा तिजोरी उघडायला नकार दिल्यावर शहराने एकेचाळीस वर्षे आपला मानलेला संघ गमावला. हा वाद अमेरिकेतील बहुतेक मोठ्या शहरांनी अनुभवला आहे. सिॲटलमध्ये मात्र त्याच्या सगळ्या बाजू एकाच ठिकाणी पाहायला मिळतात.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत बेसबॉलची मैदाने संघमालक स्वतःच्या खर्चाने बांधत. फिलाडेल्फियाचे शाइब पार्क (१९०९), बोस्टनचे फेनवे पार्क (१९१२) आणि न्यूयॉर्कचे यांकी स्टेडियम (१९२३) ही अशी खासगी बांधकामे होती. दुसऱ्या महायुद्धानंतर चित्र बदलले. १९५३ मध्ये बोस्टनचा ब्रेव्ह्ज हा संघ मिल्वॉकीला गेला, कारण तेथील काउंटीने सरकारी खर्चाने नवे स्टेडियम बांधून ठेवले होते. बोस्टनमधील शेवटच्या हंगामात या संघाला तीन लाखही प्रेक्षक मिळाले नव्हते. मिल्वॉकीतील पहिल्याच हंगामात अठरा लाखांहून अधिक आले. संघ हलवता येतो आणि त्याला जागा द्यायला शहरे तयार असतात, हे मालकांच्या लक्षात आले. १९५७ च्या हंगामानंतर डॉजर्स आणि जायंट्स हे न्यूयॉर्कचे दोन संघ कॅलिफोर्नियात गेले.

या सौदेबाजीचे मूळ लीगच्या रचनेत आहे. संघ किती असावेत हे संघमालकांची लीगच ठरवते आणि संघ हवा असलेल्या शहरांपेक्षा संघांची संख्या नेहमी कमीच ठेवली जाते. बेसबॉलला तर १९२२ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने मक्तेदारीविरोधी कायद्यातूनच सूट मिळाली. त्यामुळे एखाद्या शहराने हात आखडता घेतला, तर मालकाला दुसऱ्या शहराचे नाव पुढे करता येते.

सिॲटलला मोठ्या लीगमध्ये जायचे होते, पण मतदार सहजासहजी तयार नव्हते. काउंटीला कर्जरोखे काढायचे असतील, तर साठ टक्के मतांची अट होती. १९६० आणि १९६६ मध्ये स्टेडियमचे प्रस्ताव मतदानात पडले. १९६७ मध्ये अमेरिकन लीगने शहराला बेसबॉल संघ देऊ केला. मात्र स्टेडियमचे कर्जरोखे मंजूर व्हायला हवेत, अशी अट घातली. १३ फेब्रुवारी १९६८ रोजी जेम्स एलिस या वकिलाच्या पुढाकाराने तयार झालेली ‘फॉरवर्ड थ्रस्ट’ ही सार्वजनिक कामांची योजना मतदानाला आली. तीत उद्याने, रस्ते, अग्निशमन आणि शहरी रेल्वे यांबरोबर चार कोटी डॉलरचे स्टेडियमही होते. स्टेडियमला सुमारे बासष्ट टक्के मते मिळाली आणि ते मंजूर झाले. रेल्वेला जेमतेम निम्म्याहून अधिक मते मिळाली, म्हणून ती फेटाळली गेली. शहरात आधुनिक हलकी रेल्वे धावायला पुढे २००९ साल उजाडले. सार्वजनिक पैशाच्या प्राधान्याविषयी सिॲटलमध्ये चर्चा निघाली, की या एका दिवसाच्या दोन निकालांची आठवण आजही काढली जाते.

मंजुरी मिळाली तरी स्टेडियम लगेच उभे राहिले नाही. पायलट्स हा नवा संघ १९६९ मध्ये सिक्स स्टेडियम या जुन्या, लहान मैदानावर खेळला. एका हंगामातच त्याचे दिवाळे निघाले आणि १९७० चा हंगाम सुरू व्हायला काही दिवस उरले असताना तो मिल्वॉकीला गेला. राज्य आणि स्थानिक प्रशासनाने अमेरिकन लीगवर दावा ठोकला. १९७६ मध्ये खटला सुरू असतानाच लीगने तडजोड केली आणि शहराला मरिनर्स हा दुसरा संघ मिळाला. त्याने १९७७ पासून खेळायला सुरुवात केली.

दरम्यान जागेवरून वेगळाच वाद पेटला होता. १९६२ च्या जागतिक प्रदर्शनाचे आवार असलेल्या सिॲटल सेंटरमध्ये स्टेडियम बांधण्याची कल्पना मतदारांनी १९७० मध्ये फेटाळली. मग किंग स्ट्रीट रेल्वे स्थानकाजवळची जागा निवडली गेली. शेजारीच इंटरनॅशनल डिस्ट्रिक्ट ही चिनी, जपानी आणि फिलिपिनो लोकांची जुनी वस्ती होती. स्वस्त भाड्याच्या खोल्यांत अनेक वृद्ध कामगार एकटे राहत होते. स्टेडियम आले की भाडी वाढतील, वाहनतळांसाठी इमारती पडतील आणि या माणसांना डोक्यावर छप्पर उरणार नाही, ही भीती खरी होती. नोव्हेंबर १९७२ मध्ये भूमिपूजनाचा समारंभ सुरू असताना वस्तीतील तरुणांनी घोषणांनी भाषणे बुडवून टाकली आणि मंचाच्या दिशेने चिखलाचे गोळे फेकले. ‘हॉट डॉग नकोत, हम बाओ हवेत’ ही त्यांची घोषणा गाजली. हम बाओ म्हणजे तिथल्या चिनी दुकानांत मिळणारे सारण भरलेले पाव. स्टेडियम थांबले नाही. पण या आंदोलनातून अल्प उत्पन्नाच्या लोकांसाठी घरे आणि आरोग्यसेवा उभ्या राहिल्या आणि वस्तीच्या जतनासाठी सार्वजनिक संस्था स्थापन झाली. स्टेडियमची किंमत केवळ कराच्या रकमेत मोजायची नसते, हे शहराला या वस्तीने शिकवले.

२७ मार्च १९७६ रोजी किंगडोम खुले झाले. काँक्रीटच्या प्रचंड घुमटाखाली बेसबॉल आणि अमेरिकन फुटबॉल हे दोन्ही खेळ होणार होते. चार कोटींचे कर्जरोखे मंजूर झाले होते. बांधकामाला सुमारे पावणेसात कोटी डॉलर लागले. छत पहिल्यापासूनच गळत होते. १९ जुलै १९९४ रोजी मरिनर्सच्या सामन्याची तयारी सुरू असताना छताच्या आतल्या बाजूच्या, पाणी मुरून जड झालेल्या चार फरशा सुटल्या आणि खालच्या खुर्च्यांवर कोसळल्या. प्रेक्षक अजून आत आले नव्हते, म्हणून अनर्थ टळला. दुरुस्तीला पाच कोटी डॉलरहून अधिक खर्च आला आणि त्या कामात क्रेनच्या अपघातात दोन कामगारांचा जीव गेला. मूळ कर्ज फिटण्याआधीच दुरुस्तीचे नवे कर्ज काउंटीच्या डोक्यावर बसले.

याच सुमारास मालकांच्या मागण्याही बदलल्या होत्या. १९९२ मध्ये बाल्टिमोरला कॅम्डन यार्ड्स हे फक्त बेसबॉलसाठीचे, जुन्या वळणाचे स्टेडियम उघडले आणि प्रत्येक संघाला तसेच हवेसे वाटू लागले. महागड्या खासगी कक्षांचे उत्पन्न हा त्यातला मोठा भाग होता. केंद्रीय करकायद्याचीही त्याला अनपेक्षित मदत झाली. स्थानिक संस्थांच्या कर्जरोख्यांवरील व्याज केंद्रीय करातून मुक्त असते, म्हणून असे कर्ज स्वस्त पडते. ही सवलत खासगी स्टेडियमसाठी वापरली जाऊ नये, या हेतूने १९८६ च्या कायद्याने एक मर्यादा घातली: स्टेडियमच्या उत्पन्नातून दहा टक्क्यांहून अधिक परतफेड होत असेल, तर करमुक्ती नाही. शहरे मग असे कर्ज काढणारच नाहीत, अशी अपेक्षा होती. झाले उलटेच. करमुक्ती टिकवण्यासाठी शहरांनी संघाचे भाडे कमी ठेवले आणि परतफेड सर्वसाधारण करांतून केली. करदात्याला वाचवण्यासाठी केलेल्या तरतुदीने त्याच्यावरचाच भार वाढवला.

१९ सप्टेंबर १९९५ रोजी सिॲटल ज्या किंग काउंटीत आहे तिच्या मतदारांपुढे मरिनर्सच्या नव्या स्टेडियमसाठी विक्रीकरात ०.१ टक्का वाढ करण्याचा प्रस्ताव आला. सुमारे पाच लाख मतांपैकी अवघ्या हजारभर मतांनी तो पडला. त्याच आठवड्यांत संघ मात्र कधी नव्हे इतका बहरला. ऑगस्टमध्ये तेरा सामन्यांनी मागे असलेल्या मरिनर्सने विभागाचे विजेतेपद पटकावले. ८ ऑक्टोबरला एडगर मार्टिनेझच्या फटक्यावर केन ग्रिफी ज्युनियरने विजयी धाव पूर्ण केली आणि यांकीज संघ स्पर्धेबाहेर गेला. शहर वेडे झाले. ३० ऑक्टोबरपर्यंत तोडगा निघाला नाही तर संघ विक्रीला काढू, असे मालकांनी जाहीर केले होते. गव्हर्नर माइक लाउरी यांनी विधिमंडळाचे विशेष अधिवेशन बोलावले आणि काही दिवसांत दुसरी योजना मंजूर झाली. काउंटीतील उपाहारगृहे आणि मद्यालयांच्या बिलांवर अर्धा टक्का कर, भाड्याच्या गाड्यांवर कर, लॉटरीचे उत्पन्न आणि राज्याच्या विक्रीकरातील वाटा, असा तिचा आराखडा होता.

या कायद्यात तातडीचे कलम घातलेले होते. त्यामुळे त्यावर सार्वमत मागता येत नव्हते. नागरिकांच्या एका गटाने न्यायालयात दाद मागितली, पण १९९६ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने कायदा वैध ठरवला. नवे स्टेडियम जुलै १९९९ मध्ये सुरू झाले. खर्च पन्नास कोटी डॉलरच्या पुढे गेला आणि वाढीव खर्चाचा मोठा भाग संघाला सोसावा लागला. उपाहारगृहांवरील कराची वसुली चांगली झाली आणि कर्ज मुदतीपूर्वी, २०११ मध्येच फिटले. हिशेबाच्या दृष्टीने योजना यशस्वी ठरली. पण लोकांनी ‘नाही’ म्हटल्यावर त्यांना पुन्हा विचारलेच गेले नाही, ही सल शहरात राहिली.

फुटबॉलच्या सीहॉक्स संघाची कथा वेगळ्या मार्गाने गेली. १९९६ च्या सुरुवातीला मालक केन बेरिंग यांनी संघाचे सामान कॅलिफोर्नियात हलवायला सुरुवात केली. मायक्रोसॉफ्टचे सहसंस्थापक पॉल ॲलन यांनी संघ विकत घेण्याची तयारी दाखवली, मात्र नवे स्टेडियम मंजूर होण्याच्या अटीवर. जून १९९७ मध्ये राज्यभर सार्वमत झाले. त्या मतदानाचा सरकारी खर्चही ॲलन यांनीच भरून दिला. सुमारे एक्कावन्न टक्के मतांनी प्रस्ताव मंजूर झाला. त्रेचाळीस कोटी डॉलरच्या खर्चापैकी तीस कोटी सार्वजनिक होते. या स्टेडियमसाठी २६ मार्च २००० रोजी किंगडोम स्फोटकांनी पाडण्यात आले. वापरात जेमतेम चोवीस वर्षे राहिलेल्या त्या इमारतीचे कर्ज काउंटीतील हॉटेल-कराच्या उत्पन्नातून २०१५ पर्यंत फेडले जात होते.

तोवर अर्थशास्त्रज्ञांचे मत बऱ्याच अंशी एक झाले होते. रॉजर नॉल आणि अँड्र्यू झिम्बालिस्ट यांनी संपादित केलेल्या १९९७ च्या ग्रंथात अनेक शहरांचा अभ्यास होता आणि स्टेडियममुळे स्थानिक अर्थव्यवस्थेला लक्षणीय लाभ झाल्याचे त्यात दिसले नाही. कुटुंबाचा करमणुकीचा खर्च ठरलेला असतो. सामन्याला गेलेला पैसा चित्रपट, हॉटेल किंवा दुसऱ्या कार्यक्रमातून वजा होतो. खेळाडूंच्या पगाराचा मोठा हिस्सा शहराबाहेर जातो. शिवाय स्टेडियम वर्षातले बरेच दिवस रिकामे असते. उरतो तो आनंद आणि शहराचा अभिमान. त्यांचे मोल खरे आहे, पण रोजगाराच्या आकड्यांआड ते लपवणे योग्य नाही.

हा युक्तिवाद सिॲटलमध्ये एका अनपेक्षित तोंडून ऐकू आला. सुपरसॉनिक्स हा बास्केटबॉल संघ १९६७ पासून शहरात होता. त्याचे कीअरीना हे क्रीडागार शहराने १९९५ मध्येच मोठ्या खर्चाने नव्यासारखे करून दिले होते. तरी २००६ मध्ये मालक हॉवर्ड शुल्ट्झ यांनी बावीस कोटी डॉलरच्या नव्या नूतनीकरणाची मागणी केली. विधिमंडळाने ती मान्य केली नाही आणि संघ ओक्लाहोमाच्या गटाला विकला गेला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये शहराच्या सुमारे चौऱ्याहत्तर टक्के मतदारांनी एक नियम मंजूर केला: व्यावसायिक संघाला शहराने दिलेल्या मदतीवर निदान सरकारी रोख्यांइतका परतावा मिळालाच पाहिजे. नव्या मालकांची पन्नास कोटी डॉलरच्या क्रीडागाराची योजनाही विधिमंडळात पुढे गेली नाही. संघ हलवण्याविरुद्ध शहर न्यायालयात गेले, तेव्हा मालकांच्या वकिलांनीच लेखी मांडले की संघ गेल्याने शहराचे निव्वळ आर्थिक नुकसान होणार नाही, कारण लोक तोच पैसा इतर करमणुकीवर खर्च करतील. जुलै २००८ मध्ये साडेचार कोटी डॉलरवर तडजोड झाली आणि संघ ओक्लाहोमा सिटीला गेला. चाहत्यांचे दुःख मोठे होते आणि ते आजही ओसरलेले नाही.

पण नकाराने दुसरा मार्गही खुला केला. वीस कोटी डॉलरपर्यंत सार्वजनिक सहभाग गृहीत धरलेली नव्या क्रीडागाराची एक योजना मे २०१६ मध्ये त्यासाठी रस्त्याची जागा सोडण्याच्या प्रश्नावरून नगरपरिषदेत पाच विरुद्ध चार मतांनी अडली. त्यानंतर कीअरीनाचेच खासगी पैशाने पुनर्निर्माण ठरले. वास्तुशिल्पी पॉल थिरी यांचे १९६२ चे छप्पर टेकूंवर अधांतरी तोलून धरून त्याखाली खोल खणून नवे क्रीडागार उभारले गेले. एक अब्ज डॉलरहून अधिक खर्च विकासकांनी केला, मालकी शहराकडेच राहिली आणि २०२१ मध्ये तिथे आइस हॉकीचा क्रॅकेन हा नवा संघ खेळू लागला.

वाद तरीही मिटला नाही. २०१८ मध्ये मरिनर्सच्या स्टेडियमच्या देखभालीसाठी हॉटेल-करातून अठरा कोटी डॉलर देण्याचा प्रस्ताव आला. घरभाडी परवडेनाशी झालेल्या शहरात हा पैसा घरांसाठी वापरावा, अशी मागणी जोरात झाली. काउंटी परिषदेने पाच विरुद्ध चार मतांनी साडेतेरा कोटींना मान्यता दिली आणि करातील बाकीचा मोठा हिस्सा घरे व पर्यटन यांकडे गेला. सिॲटलच्या सहा दशकांच्या अनुभवातून एवढे नक्की निघते, की लीगच्या धमकीत जोर असतो, पण तो अमर्याद नसतो. कर्ज किती वर्षांचे, दुरुस्ती कोणाची, वाढीव खर्च कोण भरणार आणि उत्पन्नात शहराचा वाटा किती, हे प्रश्न उघडपणे लोकांपुढे ठेवले गेले तेव्हा शहराच्या पदरात काही पडले. घाईत आणि भीतीपोटी घेतलेल्या निर्णयांची किंमत मात्र पुढच्या पिढीच्या करदात्यांनी मोजली.