शाकारणी ते स्ट्रक्चरल ऑडिट : भिवंडीच्या छपरांची गोष्ट

मागच्या भागात आपण १६५७ पर्यंत आलो होतो, महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली तिथपर्यंत. आरमार पुढच्या वेळी. आज भिवंडीतच थांबू या, फक्त जरा वर बघू या, छपराकडे. मी इथेच वाढलो. कोड लिहून पोट भरतो, सिव्हिलवाला नाही. तरी गेलं वर्षभर या विषयाचा नाद लागलाय. का, ते मधे कुठेतरी येईलच.

सुरुवात एका शब्दापासून. शाकारणी. तुमच्यापैकी कोणाचं गाव कोकणात असेल तर आजीच्या तोंडून ऐकला असेल. पावसाआधी छप्पर नीट करून घेणं म्हणजे घर शाकारणं. हा शब्द कौलांपेक्षा जुना असावा, कारण पेंढ्याचं, गवताचं, झापांचं छप्पर नव्याने घालायचं त्यालाही शाकारणंच म्हणतात. आपल्याकडे वर्षाला साधारण अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आणि तोही जवळपास सगळा चार महिन्यांत. भिवंडी थेट समुद्रावर नाही, पण खाडीवर आहे. कामवारी नदी शहराला खेटून जाते आणि पुढे खाडीला मिळते. हवेत ओल, वाऱ्यात खार. इथे छप्पर बांधून विसरून जाणं कोणालाच परवडणारं नव्हतं.

आधी होती हातकौलं, म्हणजे कुंभाराने चाकावर घडवलेली, अर्ध्या नळीसारखी. एकावर एक नुसती ठेवलेली. त्यांना पकड अशी काहीच नाही. मांजर धावलं, माकड उतरलं, नारळाचं चुडत पडलं की कौलं सरकली. मधल्या फटींत पाला साचायचा, शेवाळ धरायचं. म्हणून दर वर्षी वैशाखात माणूस वर चढायचा. कौलं उतरवायची, झटकायची, फुटलेली बाजूला काढायची, उरलेली पुन्हा चढवायची. आणि गंमत बघा, कौलं उतरली की खालच्या रिपा, वासे, आढं सगळं उघडं पडतं. वाळवी कुठे लागलीय, कुठला वासा कुजलाय, हे सांगायला वेगळा तज्ज्ञ नको. पाय ठेवला की कळतं. थोडक्यात, दर वर्षी घराची संपूर्ण तपासणी व्हायची आणि तिला कोणी तपासणी म्हणायचंही नाही.

मग आलं मंगलोरी कौल. १८६५ मध्ये बासल मिशनच्या गेऑर्ग प्लेब्स्ट या जर्मन माणसाने मंगळूरला नेत्रावती नदीच्या काठी कारखाना काढला. नदीकाठची चिकणमाती, यंत्राने दाबलेलं सपाट कौल, आणि मुख्य म्हणजे कडेला खाच. एक कौल दुसऱ्यात अडकतं. ही कौलं जहाजांनी मुंबईला यायची आणि तिथून सगळीकडे पसरली. अजूनही जुन्या घराचं कौल उलटं केलं तर मागे कारखान्याचा छाप दिसतो, कधी सालासकट. नक्की करून बघा. तर या कौलाने शाकारणी हलकी केली, पण संपवली नाही. फुटलेलं बदलायचं, पन्हळ साफ करायची, आढ्यावरचा चुना पुन्हा भरायचा, हे राहिलंच. आढ्याचं पाणी वळचणीला जाणार ही म्हण ज्यांनी केली, त्यांनी हे पाणी दर पावसाळ्यात डोळ्यांनी पाहिलेलं होतं.

आमच्या धंद्यात एक फरक फार मानतात. काही सिस्टिम बिघडल्या की लगेच बोंबलतात. काही गपचूप बिघडत राहतात आणि एक दिवस एकदम बसतात. कौलारू घर पहिल्या जातीचं. एक कौल फुटलं तर पहिल्याच पावसात तुमच्या अंथरुणावर थेंब. स्लॅब दुसऱ्या जातीचा.

स्लॅबचा इतिहास मुंबईत शंभर वर्षांचा आहे. वरळी, नायगाव, लोअर परळ, शिवडीच्या बीडीडी चाळी १९२०च्या दशकात आरसीसीमध्ये उभ्या राहिल्या. पण सामान्य माणसाच्या घरावर स्लॅब यायला फार वेळ लागला, कारण सिमेंटच मिळत नव्हतं. परमिट, कोटा, काळाबाजार. महाराष्ट्राचे एक मुख्यमंत्री, बॅरिस्टर अंतुले, जानेवारी १९८२ मध्ये सिमेंट प्रकरणातच पायउतार झाले. त्याच फेब्रुवारीत केंद्राने सिमेंटवरचं नियंत्रण अर्धवट उठवलं आणि १९८९ मध्ये पूर्ण. आता या तारखा भिवंडीवर ठेवून बघा. यंत्रमागांची भरभराट, यूपी-बिहारहून, तेलंगणातून, आपल्याच घाटावरून कामगार येतायत, त्यांना खोली हवीय, आणि सिमेंट मोकळं होतंय. जिथे पत्रा किंवा कौल होतं तिथे तीन-चार मजले चढले. अनेक ठिकाणी खाली माग, वर बिऱ्हाड. परवानगी कशाला होती, कशाला नव्हती, तो वेगळा एपिसोड होईल.

आणि रेती? काल्हेर-कशेळीच्या बाजूला खाडीतून रेती काढण्याचा धंदा वर्षानुवर्षं चाललाय. खाडीची रेती नीट धुतली नाही तर मीठ आत जातं. आपलं भारतीय मानक, आयएस ४५६, सांगतं की सळई घातलेल्या एक घनमीटर काँक्रीटमध्ये क्लोराइड ०.६ किलोच्या वर नको. हे त्या काळी साइटवर कोण मोजत होतं, तुम्हीच सांगा.

आतलं गणित मी शिकलो ते असं. ताजं काँक्रीट अल्कलीयुक्त असतं, पीएच साडेबाराच्या पुढे. त्या वातावरणात सळईवर एक पातळ संरक्षक थर बसतो, म्हणून ती गंजत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं हळूहळू आत शिरतो आणि पीएच उतरवतो. मीठ असेल तर त्याआधीच तो थर तुटतो. सळई गंजली की फुगते, गंज लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो. जागा मिळत नाही तेव्हा तो काँक्रीटलाच फोडतो. छताचे पोपडे पडतात ते हे. आपण काय करतो? प्लास्टर मारतो, वर पुट्टी, वर रंग. गणपतीच्या आधी घर छान दिसतं.

वर गच्चीवरही तेच. गळती लागली की आपला आवडता उपाय म्हणजे विटांच्या तुकड्यांचा कोबा. चार-साडेचार इंचांचा कोबा म्हणजे चौरस मीटरला दोनशे किलोच्या वर वजन. पुन्हा गळलं तर जुना न काढता त्याच्यावर दुसरा. मग पाण्याच्या टाक्या, मग पत्र्याची शेड. ज्याच्यावर आपण ओझं ठेवतोय तो स्लॅब आतून कसा आहे, हे कोणीच बघितलेलं नसतं. बघायला तो उघडता येत नाही ना.

आता माझ्या नादाचं कारण. आमच्या इमारतीचं गेल्या वर्षी स्ट्रक्चरल ऑडिट झालं आणि सुट्टी टाकून मी त्या इंजिनिअरच्या मागे मागे फिरलो. बाई होत्या, पन्नाशीच्या. पहिला तासभर एकही यंत्र बाहेर काढलं नाही. गच्चीवर बादलीभर पाणी ओतून ते कुठे वळतं, कुठे थांबतं, ते बघत बसल्या. मग साधी हातोडी घेऊन स्लॅबवर टकटक. जिथे आवाज भद्द आला तिथे खडूने गोल. त्यानंतर रिबाउंड हॅमर आला, म्हणजे स्प्रिंगवर उसळणारा दांडा; अर्न्स्ट श्मिट या स्विस इंजिनिअरने तो १९४०च्या दशकाच्या शेवटी बनवला आणि आजही जगभर तोच चालतो. मग अल्ट्रासाउंड, पोटाची करतात तशीच साधारण, फक्त खांबाची. आणि शेवटी माझी आवडती चाचणी. काँक्रीटचा ताजा टवका काढायचा आणि त्यावर फिनॉल्फ्थॅलीन मारायचं. दहावीच्या प्रयोगशाळेतलंच ते. गुलाबी झालं तर काँक्रीट अजून सळईला सांभाळतंय. आमच्या गच्चीखालच्या बीमचा टवका बाहेरून दीड इंचापर्यंत पांढराच राहिला, सळईच्या पुढेपर्यंत. बाई काही बोलल्या नाहीत, वहीत लिहिलं.

हे ऑडिट व्हावं म्हणून आमच्याकडे दोन वर्षं भांडणं चालली होती. पैशावरून असतील असं तुम्हाला वाटेल. होती थोडी. पण तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी मीटिंगमध्ये जे विचारलं त्याला कोणाकडेच उत्तर नव्हतं. "सी-वन आला तर मी कुठे जाऊ?"

सी-वन म्हणजे काय ते सांगतो. राज्यात धोकादायक इमारतींच्या चार श्रेणी आहेत. सी-१ म्हणजे तातडीने रिकामी करा आणि पाडा. सी-२ए म्हणजे रिकामी करून दुरुस्त करा. सी-२बी म्हणजे राहता राहता दुरुस्त करा. सी-३ म्हणजे किरकोळ डागडुजी. महापालिका कायद्याच्या कलम २६५-अ नुसार तीस वर्षांपुढच्या इमारतीने नोंदणीकृत इंजिनिअरचं प्रमाणपत्र द्यायचं असतं. गृहनिर्माण संस्थांचे आदर्श उपविधी त्याहून कडक आहेत : पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीचं दर पाच वर्षांनी ऑडिट, तीसच्या पुढे दर तीन वर्षांनी. पण त्यासाठी आधी संस्था नोंदलेली हवी. भिवंडीत एक चक्कर मारा आणि मोजा.

काकांचा प्रश्न मला इतिहासाच्या दृष्टीनेही मोठा वाटतो. शाकारणीत दोष सापडला तर संध्याकाळपर्यंत कौल बदललेलं असायचं. फार तर वासा बदलायचा, चार दिवस पडवीत झोपायचं. बघणारा आणि नीट करणारा एकच माणूस. स्लॅबमध्ये बघणारा वेगळा, नोटीस देणारा वेगळा, दुरुस्ती करायचा खर्च तिसऱ्याचा, आणि निकाल वाईट आला तर घरच जातं. मग माणूस न बघणंच पसंत करतो. त्याला अडाणी म्हणणं मला पटत नाही.

जिलानी बिल्डिंगची गोष्ट यापासून वेगळी काढता येत नाही. भिवंडी, पटेल कंपाउंड. १९८४ साली बांधलेली, तळमजला अधिक तीन. २१ सप्टेंबर २०२० च्या पहाटे, चार वाजायच्या आधी, लोक झोपेत असताना तिचा मोठा भाग कोसळला. ढिगाऱ्यातून दिवसेंदिवस मृतदेह निघत राहिले. आकडा ४१ वर गेला, त्यात कितीतरी लहान मुलं. इमारत धोकादायक असल्याची नोटीस दिली होती, असं महापालिकेकडून सांगण्यात आलं. समजा दिली होती. कोविडचं वर्ष, माग महिनोन्‌महिने बंद, हातात पैसा नाही, आणि नोटीस म्हणते घर सोडा. कुठे?

त्याच्या चारच आठवडे आधी, २४ ऑगस्टला, महाडची तारिक गार्डन कोसळली होती. १६ जण गेले. ती दहा वर्षांचीही नव्हती. म्हणजे तीस वर्षांच्या नियमात ती बसलीच नसती. आणि २९ एप्रिल २०२३ ला भिवंडीजवळच वळपाड्याला वर्धमान कंपाउंडमधली इमारत पडली. खाली गोदाम, वर राहणारी कुटुंबं, आठ मृत्यू.

जिलानीनंतर मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून याचिका दाखल करून घेतली. मुंबई महानगरातल्या इतर महापालिकाही त्यात आल्या, आणि २६ फेब्रुवारी २०२२ ला निकाल लागला. बेकायदा बांधकामं आणि त्यांच्याकडे डोळेझाक करणाऱ्या अधिकाऱ्यांची जबाबदारी, यावर त्यात बरंच आहे. कायद्याचा अभ्यास करणाऱ्यांनी जरूर वाचावा, निकालाच्या नावातच जिलानी बिल्डिंग आहे.

काकांच्या प्रश्नाचं अर्धंमुर्धं उत्तर मात्र याच्या पन्नास वर्षं आधी, इथून तासाभरावर दिलं गेलं होतं. मुंबई बेटावर जुन्या चाळी धडाधड पडत होत्या. भाडी १९४०च्या पातळीवर गोठलेली, मालक दुरुस्ती करेना. तेव्हा १९६९ मध्ये सरकारने कायदा करून दुरुस्ती मंडळ काढलं, जे पुढे म्हाडात गेलं. इमारतींवर उपकर लावायचा, त्यातून दुरुस्ती करायची, दर पावसाळ्याआधी पाहणी करून अतिधोकादायक इमारतींची यादी काढायची, आणि बाहेर काढलेल्यांना संक्रमण शिबिरात जागा द्यायची. त्या शिबिरांत लोकांची उभी हयात गेली, हे मला माहीत आहे, आणि उपकराच्या पैशात सगळं भागत नाही हेही. पण बघणं, दुरुस्त करणं आणि तोवर डोक्यावर छप्पर देणं, या तीन गोष्टी निदान कागदावर एका ठिकाणी बांधलेल्या होत्या. ही सोय फक्त मुंबई शहराला, दादर-माहीम-शीवपर्यंत. भिवंडीच्या वाट्याला त्यातली यादी आणि नोटीस तेवढी आली.

आमचा निकाल सी-२बी आला. तिसऱ्या मजल्यावरचे काका आहेत तिथेच आहेत. जुना कोबा फोडून खाली उतरवला, सहा टेम्पो भरले. तो उतरवणाऱ्या मिस्त्रींचं गाव गुहागरकडचं. मे महिन्यात दहा दिवस ते कामावर आले नाहीत. घर शाकारायला गेले होते.

तुमच्याकडे शाकारणीला वेगळा शब्द असेल, किंवा जुन्या कौलामागे एखादा छाप सापडला, तर त्याचा फोटो आणि व्हॉइस नोट नक्की पाठवा. पुढच्या भागात दुर्गाडी आणि आरमार.