कोयनेची भेग, डहाणूची भिंत

नोव्हेंबर 2018 मध्ये डहाणू-तलासरीत जमीन हादरायला लागली आणि थांबेचना. धुंदलवाडी, हळदपाडा, दापचरी, सगळीकडे महिनोन्‌महिने लहान लहान धक्के. 1 फेब्रुवारी 2019 ला 4.1 तीव्रतेचा धक्का बसला. त्या दिवशी घाबरून पळताना पडून दोन वर्षांची मुलगी गेली. प्रशासनाने तंबू दिले, लोक थंडीत बाहेर झोपले. भूकंपाच्या हिशेबात 4.1 किरकोळ, 1993 चा किल्लारीचा भूकंप सहाच्या वर होता. मग घरं का फाटली? मला वाटतं, याचं उत्तर भूकंपापेक्षा भेगेच्या इतिहासात जास्त सापडतं.

तो इतिहास सुरू होतो काचेपासून. काच हिशेबाने जेवढा ताण सोसायला हवी, त्याच्या कितीतरी कमी ताणाला फुटते. असं का, हे 1921 मध्ये इंग्लंडच्या ए. ए. ग्रिफिथने सांगितलं. काचेत आधीपासून बारीक भेगा असतात. भेग पुढे सरकली की ताणात साठलेली ऊर्जा सुटते, पण नवा पृष्ठभाग उघडायला ऊर्जा खर्चही होते. सुटणारी जास्त झाली की भेग स्वतःच धावत सुटते. यातून निघणारा नियम भयंकर साधा आहे: भेग चौपट लांब झाली की ती पुढे न्यायला निम्माच ताण पुरतो.

आता कोयना. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटेच्या भूकंपाने कोयनानगर उद्ध्वस्त केलं. 103 मीटर उंचीचं धरण उभं राहिलं, पण त्याला भेगा पडल्या. त्याही पायाशी नाही, तर वर, जिथे मागच्या बाजूचा उतार एकदम बदलतो तिथे. धरण बांधताना भूकंपाचा जोर वजनाच्या 5 टक्के धरला होता. धरणातल्याच यंत्राने नोंदवलेला धक्का गुरुत्वाकर्षणाच्या जवळपास निम्मा होता! ती नोंद हाती असल्यामुळे कॅलिफोर्नियातल्या बर्कलीत अनिल चोप्रा आणि पी. चक्रबर्ती यांना कॉम्प्युटरवर धरण पुन्हा हलवून बघता आलं. धरणाचा छेद छोट्या तुकड्यांच्या जाळीत वाटायचा आणि प्रत्येक क्षणाला प्रत्येक तुकड्यावरचा ताण काढायचा. 1973 च्या त्यांच्या लेखात सगळ्यात मोठा ताण नेमका त्या उताराच्या वळणावर आला. जुन्या हाताच्या हिशेबाला ही जागा दिसलीच नव्हती.

पण त्या मॉडेलमध्ये भेग नव्हती, भेग पडेल अशी जागा होती. भेग वाढवून दाखवणं अवघड निघालं. ताण मर्यादेबाहेर गेला की तो तुकडा मोडला असं धरलं, तर जाळी बारीक केल्यावर उत्तरच बदलतं. जाळी आपण आखलेली, आणि धरण कधी फुटणार हे ती ठरवणार? स्वीडनच्या हिलरबोर्ग आणि सहकाऱ्यांनी 1976 मध्ये वाट काढली: काँक्रीट एकदम तुटत नाही, भेग उघडत जाते तसा त्याचा धरून ठेवण्याचा जोर हळूहळू संपतो, आणि त्यात खर्च होणारी ऊर्जा ठरलेली असते. म्हणजे पुन्हा ग्रिफिथच. तेव्हापासून भेगेचं नवं मॉडेल कुणी बनवलं की ते बऱ्याचदा आधी कोयनेवर तपासतात. आपल्या साताऱ्यातलं धरण जगभरच्या इंजिनिअरांसाठी परीक्षेचा पेपर झालं. (या कीर्तीचा कोयनानगरच्या लोकांना काय उपयोग, ते विचारू नका.)

डहाणूच्या भिंतींना असा पेपर मिळाला नाही. विटांची, सळई किंवा पट्टा नसलेली भिंत काचेइतकी एकसंध नसते, त्यामुळे ग्रिफिथचा आकडा तिला जसाच्या तसा लागत नाही. दिशा मात्र तीच. पहिल्या धक्क्याची भेग दुसऱ्या धक्क्याला आयती मिळते. रिश्टरचा आकडा प्रत्येक वेळी नव्याने मोजला जातो, भिंत मात्र मागचं सगळं घेऊन उभी असते. जुलै 2019 मध्ये भर पावसात धक्क्यांनंतर घर कोसळून एक माणूस गेला. त्या रात्रीचे धक्के फेब्रुवारीच्या 4.1 पेक्षा लहान होते. बातम्यांमध्ये मात्र ‘सौम्य धक्के’ हा शब्द चालूच राहिला.

म्हणून भेगाळलेल्या घराची पाहणी एकदाच करून भागत नाही. भेगेच्या टोकाशी पेन्सिलने खूण करून तारीख लिहिली, तर पुढच्या धक्क्यानंतर ती किती सरकली ते कुणालाही बघता येतं. याच भागात वारली घरांच्या कुडाच्या भिंतीही आहेत, काठ्यांवर शेणमाती लिंपलेल्या. तिथे भेग लिंपणात पडते आणि काठीपाशी अडते.