निशाणी डावा अंगठा

महिन्याच्या पहिल्या आठवड्यात रेशन दुकानापुढे पाच मिनिटं उभं राहा, एक वाक्य हमखास कानावर पडेल : "आजी, अंगठा लागत नाहीये, दुसरं बोट लावा." आजी बोट पदराला पुसते, मग केसांवरून फिरवते (डोक्याच्या तेलानं ठसा उठतो, हे तिला कुणीही शिकवलेलं नाही) आणि पॉस मशीनच्या काचेवर पुन्हा दाबते. तिसऱ्या-चौथ्या खेपेला मशीन राजी होतं. जन्मभर खुरपणी करून आणि राखेनं भांडी घासून तिच्या बोटांवरच्या रेषाच झिजल्यात. गाव तिला ओळखतं, दुकानदार तर नावानं हाक मारतो. तरीही ती तीच आहे, हे मशीनला पटेपर्यंत गहू मिळत नाही.

ओळखीची ही तऱ्हा आली कुठून?

आपल्याकडे आधी अंगठा नव्हता, निशाणी होती. मराठेशाहीतले महजर, म्हणजे निवाड्याचे कागद, उघडून पाहा. लिहिणारा नाव लिहायचा आणि ज्याला लिहिता येत नसे त्याच्या नावापुढे त्याची खूण उमटायची. पाटलाचा नांगर, सुताराची पटाशी, न्हाव्याचा आरसा. आता नांगर काय, सगळ्या पाटलांचा सारखाच. त्यावरून माणूस कोण ते कळत नसे, त्याचा धंदा कळे. माणूस ओळखायला गोत, म्हणजे जमलेली गावची मंडळी, बसलेलं असे. उद्या कुणी 'तो मी नव्हेच' म्हणाला, तर कागदापेक्षा त्या बसलेल्या माणसांचा शब्द चालायचा. निशाणीचं काम एवढंच, की हा इथं हजर होता आणि कबूल झाला.

ही गावची साक्ष ज्याला नको होती, किंवा जिच्यावर ज्याचा भरवसा नव्हता, असा माणूस म्हणजे परका साहेब. विल्यम हर्शेल हा कंपनी सरकारचा तरुण अधिकारी बंगालमध्ये जंगीपूरला होता. प्रख्यात खगोलशास्त्रज्ञांच्या घराण्यातला. आजोबांनी युरेनस शोधला. १८५८ च्या जुलैत त्यानं राज्यधर कोनाई नावाच्या कंत्राटदाराशी रस्त्यासाठी दोन हजार मण खडी पुरवायचा करार केला. कोनाई सही करणार, तेवढ्यात हर्शेलच्या मनात काय आलं कोण जाणे, त्यानं कचेरीच्या शिक्क्याची तेलकट शाई कोनाईच्या तळहाताला फासली आणि अख्खा पंजा कागदाच्या पाठीवर दाबून घेतला. पुढे १९१६ साली लिहिलेल्या पुस्तिकेत त्यानं उघड कबुली दिली आहे, की कोनाईनं उद्या सही नाकारू नये म्हणून त्याला नुसती दहशत घालायची होती. शास्त्र वगैरे तेव्हा काही डोक्यात नव्हतं.

आणि खरी मौज पुढेच आहे. तो करार कोनाईनं स्वतःच्या हातानं लिहिला होता. म्हणजे आपल्या ज्ञात अंगठेबहाद्दरांचा हा मूळपुरुष चांगला लिहिता-वाचता होता! ठसा घेतला तो अक्षर येत नाही म्हणून नव्हे, अक्षरावर विश्वास नाही म्हणून.

हर्शेलला मग नादच लागला. वर्षानुवर्षं तो स्वतःचे आणि इतरांचे ठसे घेत राहिला आणि वय वाढलं तरी रेषा बदलत नाहीत हे त्यानं ताडलं. १८७७ मध्ये हुगळीला कलेक्टर असताना त्यानं ठसे तीन ठिकाणी लागू केले : पेन्शनीच्या वहीत, दस्तनोंदणीत आणि तुरुंगात. पेन्शनीचं कारण मजेदार आहे. पेन्शनर मरायचे, पण पेन्शन जिवंत राहायची. कुणीतरी दुसराच येऊन पैसे घेऊन जायचा. थोडक्यात, ठशाचा पैशाशी संबंध नवा नाही. पैसे उचलणाऱ्या तोतयाला अडवायलाच तो कचेरीत आला.

ठसे ढिगानं जमले तरी हवा तो शोधायचा कसा, हा पेच कलकत्त्यात सुटला. अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन देशी अंमलदारांनी वर्गीकरण बसवलं, हकांनी त्याला गणित दिलं आणि ठसे १०२४ कप्प्यांत लागले. १८९७ मध्ये ही पद्धत सरकारी झाली, १९०१ मध्ये स्कॉटलंड यार्डात पोचली. जगभर तिला नाव मात्र त्यांच्या साहेबाचं, एडवर्ड हेन्रीचं. चालायचंच.

इकडे आपल्या दस्तांत 'नि. डा. अं.' ही तीन अक्षरं रुजली : निशाणी डावा अंगठा. त्यांना लाज चिकटली. १९५९ मध्ये साताऱ्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली, पुढे साक्षरतेचे वर्ग निघाले. त्या वर्गांतल्या बायांना सगळ्यात मोठा आनंद कशाचा असे, तर शाईचं पॅड बाजूला सारून सही करण्याचा. अंगठा सुटला, म्हणजे माणूस सुटला.

आणि सुटलेला अंगठा पन्नास वर्षांनी फिरून आला, तोही महाराष्ट्रातच. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत देशातले पहिले आधार क्रमांक दिले गेले. बारा आकडे, दहा बोटं, दोन डोळे. बोधचिन्हात सूर्य आणि त्याच्या पोटात बोटाचा ठसा. २०१६ च्या नोटाबंदीनंतर डिसेंबरात 'भीम' ॲप आलं, तेव्हा पंतप्रधानांनी सांगितलं की आता तुमचा अंगठाच तुमची बँक. आधारच्या ठशावर पैसे काढायचे, तर कार्ड नको, पिन नको, मोबाइलही नको. गावच्या बँक मित्राकडे, म्हणजे बँकेच्या गावातल्या प्रतिनिधीकडे जायचं, आधार क्रमांक आणि बँकेचं नाव सांगायचं, यंत्रावर बोट ठेवायचं. गंमत अशी, की कॅशलेसच्या या वाटेनं माणसं येतात ती मुख्यतः रोख काढायला. तरी सोय मोठी आहे, हे मी मनापासून म्हणतो. वीस किलोमीटरवरच्या शाखेत आख्खा दिवस घालवणाऱ्या म्हाताऱ्याला विचारा.

पण या सोयीत एक घोळ होऊन बसला. हर्शेलच्या वहीतला ठसा साक्षीदार होता. बँक मित्राच्या यंत्रावरचा ठसा किल्ली आहे. साक्षीदार चारचौघांत मिरवला तरी बिघडत नाही. किल्ली दाराबाहेर टांगून चालत नाही. आणि आपण तर ती शंभर दारांबाहेर टांगली आहे. २००१ च्या कायदादुरुस्तीनं दस्तनोंदणीत फोटो आणि बोटांचे ठसे सक्तीचे झाले, पुढे दस्त स्कॅन होऊन काही राज्यांच्या संकेतस्थळांवर गेले. २०१८ मध्ये तेलंगणात एक सिमकार्ड विकणारा पकडला गेला. संकेतस्थळावरचे जमिनीचे दस्त उतरवून घ्यायचे आणि रबरी शिक्के करायच्या यंत्रावर त्यातल्या ठशांची बोटं पाडायची, हा त्याचा उद्योग. २०२३ मध्ये बेंगळुरूत तक्रारींची रांग लागली : घराचा दस्त नोंदवला आणि थोड्या दिवसांत खात्यातून परस्पर पैसे गेले.

असं होऊ शकतं हे ठाऊक नव्हतं, असंही नाही. जपानात योकोहामाच्या त्सुतोमु मात्सुमोतो यांनी २००२ मध्येच जिलेटिनची बोटं करून अकरा यंत्रं फसवून दाखवली होती. आधार प्राधिकरणानं नंतर बोट जिवंत आहे की नकली, हे तपासणारी व्यवस्था बसवली, ते ठीकच झालं. पण पासवर्ड फुटला तर नवा घेता येतो. अंगठा फुटला तर नवा कुठून आणायचा?

तेव्हा आज एक काम करा. घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या आधारचं बायोमेट्रिक लॉक करून टाका. एमआधार ॲपवर ते होतं, पैसा लागत नाही. रेशनच्या दिवशी तेवढ्यापुरतं उघडायचं, गहू घेतला की पुन्हा बंद. त्यासाठी आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो. आजीच्या आधारला मोबाइल जोडलेला नसेल, तर आधी तो जोडून आणा.