वाटाण्याचं एक मिनिट

माझ्या लॅपटॉपवर 'आजीच्या ओव्या' नावाचं एक फोल्डर आहे, दोन वर्षांपूर्वी केलेलं. त्यात कोणता माइक घ्यावा याची एक्सेल शीट आहे, आजीला विचारायच्या प्रश्नांची यादी आहे, पॉडकास्टच्या कव्हरचे तीन नमुनेही आहेत. आजीचा आवाज मात्र नाही. आजी आता ८४ वर्षांची आहे. गेल्या दिवाळीत जात्यावरची ओवी म्हणताना ती मध्येच थांबली. पुढची ओळ तिला आठवेना.

त्याच सुट्टीत मी दादासाहेब फाळक्यांविषयी वाचत होते. शाळेत आपण शिकतो ते फाळके तीन वाक्यांत संपतात: सिनेमा पाहिला, ध्यास घेतला, 'राजा हरिश्चंद्र' काढला. मला त्या वाक्यांच्या मधली जागा बघायची होती. ती जागा दोन वर्षांची आहे.

१९११ मध्ये गिरगावात ख्रिस्ताच्या आयुष्यावरचा मूकपट पाहिला, तेव्हा फाळके चाळिशीत होते. जे. जे. आणि बडोद्याचं कलाभवन करून झालं होतं. गोध्र्याला फोटो स्टुडिओ काढला, तर तिथे प्लेगनं पहिली बायको आणि मूल नेलं. पुरातत्त्व खात्यातली नोकरी सोडली. छापखाना नावारूपाला आणला आणि भागीदारांशी बिनसल्यावर त्यातूनही बाहेर पडले. आता हा माणूस म्हणत होता, मी सिनेमा काढणार. आपण त्यांचे मित्र असतो, तर पैसे दिले असते का? खरं सांगायचं तर, मी दिले नसते.

सिनेमाचा अभ्यास करताना डोळ्यांवर इतका ताण आला, की काही काळ त्यांची दृष्टीच गेली. ती परतल्यावर विमा पॉलिसी गहाण ठेवून ते फेब्रुवारी १९१२ मध्ये लंडनला गेले. तिथे 'बायोस्कोप' साप्ताहिकाचे संपादक कॅबर्न यांनी आधी त्यांना या फंदात पडू नका असंच सुचवलं, पण मग सिसिल हेपवर्थ या चित्रपटकर्त्याशी गाठही घालून दिली. फाळक्यांनी विल्यमसन कॅमेऱ्याची ऑर्डर दिली आणि ते एप्रिलमध्ये परतले.

कॅमेरा आला, पण चित्रपटाला पैसे नव्हते. इथे फाळक्यांनी जे केलं, ते मला 'हरिश्चंद्र'पेक्षाही मोठं वाटतं. त्यांनी कुंडीत वाटाणे पेरले. समोर कॅमेरा लावला आणि अंकुर फुटून वेल वर चढेपर्यंत महिनाभर ते टिपत राहिले. त्यातून जेमतेम मिनिटभराची फिल्म झाली: 'अंकुराची वाढ'.

रोज एक चौकट टिपली, असं बऱ्याचदा सांगितलं जातं. माझ्यातल्या इंजिनिअरनं हिशोब मांडला. मूकपटात सेकंदाला साधारण १६ चौकटी लागत. रोज एक धरली, तर महिन्याच्या ३० चौकटी दोन सेकंदही पुरणार नाहीत. मिनिटभरासाठी ९६० हव्यात, म्हणजे दिवसाला तीसेक. एखाद्या सकाळी मारलेली ही एक चक्कर नव्हती. घरातल्या पैशाची चणचण डोळ्यांसमोर असताना हा माणूस दिवसातून कितीतरी वेळा उठून कुंडीपाशी जात होता.

वाटाण्याला वेशभूषा लागत नाही. सेट, नट, राजवाडा, काहीच लागत नाही. आपल्याला कॅमेरा चालवता येतो, एवढंच सिद्ध करायचं होतं. तेवढंच त्यांनी केलं. समजावून न हटणारे लोक पडद्यावर वेल वाढताना बघून हटले आणि कर्ज मिळालं. लोकांची शंका रास्तच होती, पण तिचं उत्तर बोलण्यात नव्हतं.

तरी पैसे पुरणार नव्हतेच. सरस्वतीबाईंचे दागिने गहाण पडले. कच्च्या फिल्मला कडेची भोकं पाडायचं काम त्या रात्री अंधारात करत. सगळ्या चमूचा स्वयंपाकही त्याच करत. चित्रीकरण दादरला घराच्या आवारात चाललं. तारामतीच्या कामाला बाई मिळेना, म्हणून उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके उभे राहिले. ३ मे १९१३ रोजी 'राजा हरिश्चंद्र' कॉरोनेशन थिएटरात लागला. पहिला भारतीय कथापट म्हणून तो आपल्याला ठाऊक आहे. त्याच्या आधीचा वाटाणा फारसा कोणाला आठवत नाही.

माझं फोल्डर उघडून पाहिलं तेव्हा लक्षात आलं, मी थेट 'हरिश्चंद्र'चीच तयारी करत बसले होते. माइक, कव्हर, प्रश्न. कुंडी कुठेच नव्हती. आणि फाळक्यांचा वेल वाढत होता, माझी आजी मात्र विसरत चालली होती.

परवा गावी गेले. आजी ओट्यावर तांदूळ निवडत होती. फोन शेजारी ठेवला आणि म्हटलं, "आजी, एकच म्हण."

"आत्ता? आवाज कुठं राहिलाय गं."

"आहे तेवढा चालेल."

रेकॉर्डिंग ४८ सेकंदांचं आहे. मध्ये कुकरची शिट्टी आहे, एकदा कोंबडंही ओरडतं. शेवटची ओळ आजी दोनदा चाचपडते, मग तिला सापडते. फाइलला मी 'वाटाणा १' असं नाव दिलं.

ऐकवल्यावर आजी बराच वेळ फोनकडे बघत राहिली. मग म्हणाली, "माझ्या आईची एक होती. थांब, आठवते का बघते."

मी पुन्हा लाल बटण दाबलं.