लॅपटॉप स्लीपमधून उठताना बंद पडला तर

स्मरणिकेचा मजकूर उघडा ठेवून लॅपटॉप मिटला आणि उघडल्यावर निळा पडदा दिसला, असे कोणाचेही होऊ शकते. स्लीपमध्ये उघडे काम फक्त रॅममध्ये असते. बेळगाव-निपाणीकडे पावसाळ्यात वीज जाऊन बॅटरी संपली, तरी ते जाऊ शकते. म्हणून मिटण्याआधी सेव्ह कराच. रात्रभरासाठी ‘हायबरनेट’ बरे, ते डिस्कवर लिहून ठेवते.

पडदा नुसता काळा राहिला तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकदम दाबा. ग्राफिक्स ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. वारंवार झाले तर लॅपटॉप कंपनीच्या संकेतस्थळावरून नवा ड्रायव्हर घ्या. त्यानंतर ‘शट डाउन’ नव्हे, ‘रीस्टार्ट’ करा. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाउनने विंडोजचा गाभा पुरता बंद होतच नाही, कित्येकदा बिघाडासकट जपला जातो!