चौकोनांपुढे उभी असलेली बाई

माझ्या पहिल्या नोकरीत मी चेहऱ्यांवर चौकोन काढायचो. फोटो उघडायचा, चेहऱ्याभोवती बॉक्स ओढायचा, लिस्टमधून वय आणि लिंग निवडायचं, पुढचा फोटो. मशीनला माणसं ‘ओळखायला’ शिकवायचं होतं.

त्याच दिवसांत फोनवर पुष्पमाला एन. यांचा एक फोटो दिसला. पाठीमागे काळ्या-पांढऱ्या चौकोनांचा पडदा आणि पुढे तोडा जमातीच्या बाईच्या वेशात खुद्द पुष्पमालाच. आधी मला हसू आलं. मग तो पडदा कुठून आला ते शोधलं आणि हसू विरलं.

१८६९ साली जॉन लॅम्प्रे या इंग्रजाने माणसांचे फोटो काढायची एक पद्धत सुचवली. लाकडी चौकटीत दोऱ्यांनी दोन-दोन इंचांचे चौकोन आखायचे आणि त्यांच्यापुढे माणसाला उभं करायचं. मग कुठलंही शरीर दुसऱ्या शरीराशी मोजून ताडता येतं. पुढे अंदमानात मॉरिस पोर्टमन या अधिकाऱ्याने तिथल्या आदिवासींना अशाच चौकोनी पडद्यापुढे उभं केलं. समोरच्याला नाव होतं, घर होतं. फोटोत उरला तो फक्त ‘नमुना’.

पुष्पमाला मूळच्या शिल्पकार, बडोद्यात शिकलेल्या. नव्वदच्या दशकात त्या स्वतःच फोटोंत उभ्या राहू लागल्या. ‘फँटम लेडी’ या मालिकेत तर त्या मुंबईत, फिअरलेस नादियाची आठवण करून देणाऱ्या मुखवटेवाल्या नायिका झाल्या. तोडा बाईचा फोटो त्यानंतरचा. छायाचित्रकार क्लेअर आर्नी यांच्यासोबत २००० ते २००४ मध्ये केलेल्या ‘नेटिव्ह विमेन ऑफ साउथ इंडिया: मॅनर्स अँड कस्टम्स’ या मालिकेतला. नावच बघा, थेट साहेबाच्या जाडजूड ग्रंथासारखं!

याच मालिकेत त्या राजा रविवर्म्याची लक्ष्मीही होतात. रविवर्म्याचा छापखाना १८९४ साली मुंबईत निघाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथली चित्रं घरोघरी देव्हाऱ्यात पोचली. आमच्या आजीकडेही तशीच लक्ष्मी आहे, कोपऱ्यात कुंकू लागलेली.

विनोद इथेच आहे. देवी तीच, ‘नमुना’ही तीच. एकच बाई सगळे प्रकार होऊ शकत असेल, तर ते प्रकार तिच्यात नव्हतेच, बघणाऱ्याच्या रकान्यांत होते. पुष्पमाला यावर भाषण देत नाहीत. गंभीर चेहऱ्याने पोज देतात आणि पडद्याचं हसं होतं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात एका म्हाताऱ्या बाईंचा फोटो आला. मी बॉक्स ओढला आणि लिस्टपाशी थांबलो. लीडला विचारलं, “यात ‘माहीत नाही’ असा ऑप्शन टाकता येईल का?”

तो म्हणाला, “मग मशीन शिकणार काय?”

मी एक वय निवडलं आणि पुढचा फोटो उघडला.