‘रम फिट्स’ची कुळकथा

तुळशीची माळ गळ्यात घालून किंवा कुलदैवतापुढे शपथ वाहून दारू सोडलेल्या मनुष्याचे हातपाय दुसऱ्याच दिवशी कापू लागावेत, त्याला फेफऱ्यासारखा झटका यावा, आणि ज्या घराने त्या शपथेवर सारी आशा ठेवली होती त्याच घराने भयभीत होऊन त्याच्या ओठांना पुन्हा पेला लावावा, हा प्रसंग आपल्याकडे अपूर्व नाही. अमेरिकेतील डॉक्टर अशा झटक्यांना ‘रम फिट्स’ म्हणत; परंतु त्यांचे कुळ रममध्ये नसून रम तुटण्यात आहे, हे निर्विवाद ठरण्यास विसाव्या शतकाचा मध्य उलटावा लागला.

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात, मदात्ययाच्या अध्यायात, मद्य गैररीतीने, अतिप्रमाणात किंवा उणे घेतल्याने उद्भवणारी व्याधी योग्य प्रमाणातील मद्यानेच शमते असे सांगितले आहे, आणि त्या ‘उणे’ शब्दात मला या कुळाचा फार जुना दाखला दिसतो. इंग्लंडात १८१३ साली थॉमस सटन यांनी मद्यप्यांच्या कंपयुक्त उन्मादास ‘डिलीरियम ट्रेमेन्स’ हे नाव दिले. पण हा प्रकोप दारूच्या विषाचा, कुपोषणाचा, की दारू तुटल्याचा, हा वाद पुढे शतकाहून अधिक काळ चालला. त्याचा निवाडा १९५५ साली झाला. केंटकीतील लेक्सिंग्टन येथील सरकारी रुग्णालयात हॅरिस इस्बेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, पूर्वी मॉर्फिनच्या आहारी गेलेल्या दहा जणांना सकस अन्न आणि जीवनसत्त्वे देत दारू पाजली. त्यांपैकी ४८ ते ८७ दिवस पिऊन थांबलेल्या सहा जणांत दोघांना झटके आले, तिघांना उन्माद झाला. असा प्रयोग आज कोणी करू धजणार नाही, आणि म्हणूनच त्या दहा जणांचे ऋण विसरता येत नाही. पुढे १९६७ साली मॉरिस व्हिक्टर आणि कार्ल ब्राउश यांनी २४१ रुग्ण तपासून दाखविले की नव्वद टक्क्यांहून अधिक झटके दारू थांबल्यावर ७ ते ४८ तासांच्या दरम्यान येतात.

‘केव्हा’ हे कळले, तरी ‘का’ याचे उत्तर मेंदूतील रिसेप्टरांपाशी होते. पेशींच्या पृष्ठभागावरील ही प्रथिने रासायनिक निरोप स्वीकारतात. १९५० साली यूजीन रॉबर्ट्स यांनी उंदराच्या मेंदूत शोधलेले ‘गाबा’ हे द्रव्य आपल्या रिसेप्टरातून क्लोराइडची वाट उघडून पेशीस शांत करते. उलट ग्लुटामेट हे ‘एनएमडीए’ रिसेप्टरातून तिला उद्दीपित करते. दारू पहिल्याचे बळ वाढविते आणि दुसऱ्यास दडपते. यातील दुसरी गोष्ट १९८९ साली लव्हिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रत्यक्ष दाखविली. परंतु रोजच्या या दडपणाखालीही जागे राहणे मेंदूस भागच असल्याने, तो हळूहळू आपला बंदोबस्त बदलतो: गाबाच्या रिसेप्टरांची घडण पालटून त्यांचा प्रतिसाद मंदावतो, एनएमडीएचे रिसेप्टर वाढतात. दारू शरीरातून काही तासांत निघून जाते, हा बंदोबस्त मात्र उठण्यास दिवस लागतात. आणि मधल्या काळात आवरणारे दुर्बळ व चेतविणारे प्रबळ अशा स्थितीत सापडलेला मेंदू झटक्याने पेटतो.

१९६० साली बाजारात आलेले, लिओ स्टर्नबाख यांनी घडविलेले क्लोरडायझेपॉक्साइड आणि त्याच्या जातीची औषधे याच झटक्यांना आवरतात, कारण ती गाबाच्या रिसेप्टरावरच बसून त्याचे मंदावलेले काम उचलून धरतात. फेनिटॉइनसारखे अपस्माराचे मातब्बर औषध येथे निरुपयोगी ठरते, कारण त्याचा मार्ग निराळा आहे.

तेव्हा शपथेनंतर आलेला झटका हा दैवताचा कोप नव्हे, मनाचा दुबळेपणा नव्हे, आणि ‘याला दारूच मानवत होती’ याचा पुरावा तर मुळीच नव्हे. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याने एकाएकी, एकट्याने दारू तोडू नये. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, पहिले काही दिवस औषधाच्या आधाराने सोडावी. माळ अवश्य घालावी. पण ती घालण्यापूर्वी घरातील कोणी त्याला हात धरून दवाखान्यात न्यावे.